एलीयाच्या उशाशी पाणी

पवित्र शास्त्रात कुणी कुणावर डाफरून "पाणी पी" म्हटल्याचं मला आठवत नाही. बळजबरीने पाजल्याचा प्रसंग आहे, नाही असं नाही. निर्गमच्या ३२ व्या अध्यायात मोशे सोन्याचं वासरू जाळतो, कुटून त्याची पूड करतो, ती पाण्यावर टाकतो आणि ते पाणी इस्राएल लोकांना प्यायला लावतो. पण ती शिक्षा होती. एरवी शास्त्रात पाणी येतं ते कुणीतरी कुणाला दिलेलं. रिबका खांद्यावरची घागर उतरवून अनोळखी वाटसरूला प्यायला देते आणि वर त्याच्या उंटांसाठीही पाणी काढत बसते. ती तर अजून मुलगीच आहे, आणि उंट काही घोटभर पाण्यावर भागवत नाहीत.

लेकरं असलेल्या घरातल्या पाण्याच्या गोष्टी मात्र बऱ्याचदा त्या वासराच्या अध्यायाकडे झुकतात. "बाटली भरलेलीच परत कशी आली?" "आधी ग्लास संपव, मग खेळायला जा." "डोकं दुखतंय ना? आणखी पिऊ नकोस पाणी!" हे शेवटचं वाक्य तर असं म्हटलं जातं, जणू डोकं दुखवून घेऊन पोराने आपलाच अपमान केलाय. मी घरी दोन मुलांची आई आहे आणि रविवारी शब्बाथ शाळेत शिकवते, त्यामुळे हे संवाद दोन्हीकडे ऐकते. चर्चमध्ये त्यांना वचनाची जोडही मिळते, आणि मग प्रकरण जास्तच अवघड होतं.

या बाबतीत मला सगळ्यात उपयोगी पडलेला अध्याय म्हणजे १ राजे १९. कर्मेल डोंगरावर जिंकलेला संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या एका धमकीने हादरून पळतो. बैर-शेबा इथे चाकराला मागे ठेवतो, एकटाच दिवसभराची वाट चालून रानात शिरतो, एका झुडपाखाली बसतो आणि आता पुरे म्हणून मरण मागतो. मग झोपून जातो. तिथे देवदूत येतो. उपदेशाला केवढी जागा होती! आकाशातून अग्नी उतरलेला या माणसाने नुकताच पाहिलाय. तुझा विश्वास कुठे गेला, असं कुणीही विचारलं असतं. देवदूत त्याला फक्त हात लावून उठवतो आणि खायला सांगतो. एलीया बघतो तो उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो खातो, पितो आणि पुन्हा आडवा होतो.

हे पुन्हा आडवं होणं मला फार आवडतं. संदेष्टा असला तरी दमलेला माणूस असाच वागणार. देवदूतही पुन्हा येतो, आणि "मघाशी सांगितलं होतं ना" असं म्हणत नाही. पुन्हा हात लावतो, पुन्हा खायला सांगतो. या वेळी कारणही देतो, की पुढची वाट लांबची आहे, तुला झेपायची नाही. त्या अन्नपाण्याच्या बळावर एलीया चाळीस दिवस आणि चाळीस रात्री चालून होरेबाला पोचतो. "एलीया, तू इथे काय करतोस?" हा प्रश्न देव त्याला विचारतो तो तिथे. आधी पाणी. जाब चाळीस दिवसांनी.

लेकरांना पाणी कसं पाजावं, ते या एवढ्याशा प्रसंगात सगळं आलंय. माझी धाकटी जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत असते, तेव्हा आतून मारलेली हाक तिच्या कानांपर्यंत जाते पण पुढे कुठे जात नाही. ती "हो" म्हणते. त्या "हो"ला काही अर्थ नसतो. मी जाऊन ग्लास तिच्या डाव्या हाताशी ठेवते, कारण उजव्यात खडू असतो, आणि खांद्याला हात लावते. ती चित्रावरची नजर न काढता ग्लास उचलते, अर्धा गटागटा पिते, हनुवटीवर आलेला ओघळ बाहीला पुसते आणि ग्लास होता तिथेच ठेवते. उरलेला अर्धा थोड्या वेळाने संपतो, कधी नाही संपत. मध्ये एक शब्द बोलावा लागत नाही. आणि ग्लास लहान हवा. मोठा ग्लास बघितला की पोरांना ते काम वाटतं.

मुलांना तहान कळत नाही, असं आपण म्हणतो, ते तितकंसं खरं नाही. कळते, पण उशिरा, आणि खेळात असली तर आणखी उशिरा. रक्तातलं पाणी थोडं कमी होऊन क्षारांचं प्रमाण किंचित वाढलं, की मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा भाग तहानेची सूचना देतो. तोवर शरीराच्या वजनाच्या एक-दोन टक्क्यांइतकं पाणी गेलेलं असतं. वीस किलोच्या मुलाचा एक टक्का म्हणजे २०० मिलिलिटर, भरलेला एक ग्लास. म्हणजे पोर "तहान लागली" म्हणत धावत येतं तेव्हा ते आधीच एका ग्लासने मागे असतं. त्यात लहान शरीराचं गणितच वेगळं. वजनाच्या मानाने त्वचेचं क्षेत्रफळ जास्त, त्यामुळे तापलेल्या हवेतली उष्णता लवकर आत येते आणि पाणी लवकर बाहेर जातं. तापात तर आणखी. शरीराचं तापमान एका अंशाने (सेल्सिअस) वाढलं की पाण्याची गरज साधारण दहा टक्क्यांनी वाढते.

दुसरी गंमत अशी की तहान भागते ती पाणी रक्तात पोचण्याच्या कितीतरी आधी. तोंड, घसा आणि पोट यांच्याकडून मेंदूला निरोप जातो आणि तो मिनिटाभरात तहानेची सूचना बंद करतो; प्रत्यक्ष पाणी शोषलं जायला त्याहून बराच वेळ लागतो. म्हणून पोर चार घोट पिऊन "झालं" म्हणतं तेव्हा ते खोटं बोलत नसतं. त्याला खरंच झालंसं वाटतं. त्या क्षणी "एवढंच?" म्हणून वाद घालण्यात अर्थ नाही. अर्ध्या तासाने पुन्हा जावं, एलीयाकडे देवदूत गेला तसं.

किती पाणी, हा प्रश्न पालकसभेत हमखास येतो आणि उत्तर ठरलेलं असतं, आठ ग्लास. हा आकडा कुठून आला ते नक्की कुणालाच सांगता येत नाही, पण त्याचं मूळ म्हणून १९४५ सालच्या एका अमेरिकी शिफारशीकडे बोट दाखवलं जातं. अडीच लिटर पाणी, असं तिच्यात होतं. पुढचं वाक्य मात्र लोक विसरले, की यातलं बहुतेक पाणी अन्नातूनच मिळतं. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये दिलेले आकडे मला जास्त कामाचे वाटतात: चार ते आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला १.६ लिटर, नऊ ते तेरा वर्षांच्या मुलाला २.१ आणि मुलीला १.९ लिटर. यात अन्नातलं पाणीही धरलेलं आहे आणि ते वीस ते तीस टक्के असतं. काकडी किंवा कलिंगडात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असतं. हिशेब केला तर सहा-सात वर्षांच्या मुलाला प्यायला लागतात साधारण सहा छोटे ग्लास, दूध त्यातच आलं. उन्हात खेळलं तर जास्त. पण रोज मोजत बसायची गरज नाही. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर ठीक, गडद असेल तर पाणी वाढवा, एवढं सांगून मी पालकांची सुटका करते. व्हिटॅमिनची गोळी चालू असेल तर रंग उगाच भडक दिसतो, हेही सांगावं लागतं, नाहीतर रात्री अकराला फोन येतो.

एक गोष्ट मात्र ठासून सांगते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी द्यायचं नाही. कितीही उकडत असलं तरी नाही. आईच्या दुधात त्याला लागणारं पाणी असतं. वरून पाणी पाजलं तर इवलंसं पोट त्यानेच भरतं, दूध कमी जातं, आणि जास्त झालं तर रक्तातलं सोडियम पातळ होऊन झटके येऊ शकतात. पाणी पुण्याचं म्हणून ते कुणालाही केव्हाही चालतं असं नाही.

आता रागावण्याचा विषय. गणना २० वा अध्याय मी आई झाल्यावर वेगळ्या डोळ्यांनी वाचला. पहिल्याच वचनात मिर्याम मरते आणि तिला पुरतात. लगेच पुढच्या वचनात पाणी नाही म्हणून लोक मोशेच्या अंगावर येतात. म्हणजे बहिणीला नुकतंच पुरून आलेला, वर्षानुवर्षं तीच कुरकुर ऐकून पिकलेला माणूस आहे हा. देव त्याला खडकाशी बोलायला सांगतो. तो लोकांना बंडखोर म्हणतो आणि काठीने खडकाला दोनदा मारतो. या रागाची किंमत त्याला फार मोठी पडते. वचनदत्त देशात त्याचं पाऊल पडत नाही. ही गोष्ट सांगताना आपण नेहमी मोशेच्या चुकीवर थांबतो. पण त्याच वचनात आहे की पाणी विपुल निघालं, आणि लोक प्यायले, जनावरंही प्यायली. नेता चिडला म्हणून देवाने तहानलेल्यांचं पाणी अडवलं नाही. हिशेब झाला तो मोठ्या माणसांशी, मोशे आणि त्याचा भाऊ अहरोन यांच्याशी. मुलांच्या तहानेचा संबंध आपण त्यांच्या वागणुकीशी लावतो तेव्हा मला हा अध्याय आठवतो. दंगा केला म्हणून खेळ थांबवा, गोष्ट बंद करा. पाण्याला मध्ये आणू नका.

वचनाची जोड मिळाली की प्रकरण अवघड होतं, असं म्हणाले ते याचसाठी. "तुमचं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे" हे वचन मुलांना पाणी पाजायला, नखं कापायला, भाजी खायला, सगळ्याला वापरलं जातं. करिंथच्या मंडळीला प्रेषित पौल ते लिहितो तो विषय पाण्याचा नव्हे, आणि तो सहा वर्षांच्या मुलाला समजावून सांगायचाही नव्हे. एका मुलीने मला भीतभीत विचारलं होतं, की मी आज पाणी कमी प्यायले तर पवित्र आत्मा जाईल का? ती हे कुठून शिकली ते मी विचारलं नाही. शरीर देवाने दिलंय आणि ते सांभाळायचं असतं, हे मलाही मान्य आहे. पण ते सांभाळण्याचं ओझं इतक्या लहानपणी मोठ्यांवर असतं. दावीद म्हणतो, मेंढपाळ मला संथ पाण्याजवळ नेतो. मेंढराने वाट शोधल्याचा तिथे उल्लेख नाही.

त्याच कारणाने, पाणी प्यायलं की चांदणी, पाच चांदण्या झाल्या की बक्षीस, हे तक्ते मला पटत नाहीत. आठवडाभर चालतात, मग भिंतीवर लटकत राहतात. त्यापेक्षा बाटली हुंगून बघावी. खरंच. भरलेली परत येणारी बाटली मी एकदा उघडून झाकणातली रबरी रिंग सुरीच्या टोकाने बाहेर काढली. तिच्या खाचेत काळी बुरशी होती, आणि स्ट्रॉच्या आतल्या बाजूला बुळबुळीत थर. पोरांना हे सांगता येत नाही, ती म्हणतात, "पाणी नको वाटतं." आता ती रिंग दर दोन दिवसांनी काढून, घासून, पूर्ण वाळवून बसवते. नुसती बाटली विसळल्याने ती साफ होत नाही. काही मुलं गार पाणी असेल तरच पितात आणि आपण त्याला नखरे म्हणतो. पण कोमट पाण्यापेक्षा गार पाणी माणूस आपणहून जास्त पितो, हे तपासून पाहिलेलं आहे. मत्तयाच्या १० व्या अध्यायाच्या शेवटी प्रभू येशू पाण्याच्या प्याल्याचं प्रतिफळ सांगतो, तोही गार पाण्याच्या. घरात साठवलेलं पाणी उन्हाने तापणाऱ्या प्रदेशात गार पाणी म्हणजे कुणीतरी नुकतंच जाऊन काढून आणलेलं. जाण्यायेण्याचे कष्ट त्या प्याल्यात आहेत.

पण बाटली स्वच्छ, पाणी गार, मूल समजूतदार, आणि तरी बाटली भरलेलीच परत येते, याचं सगळ्यात मोठं कारण बाटलीत नसतं. ते शाळेच्या शौचालयात असतं. मुलाच्या मूत्राशयात किती मावतं याचा डॉक्टरांचा एक सोपा हिशेब आहे: वयात एक मिळवायचा आणि तीसने गुणायचं. सात वर्षांचं मूल म्हणजे २४० मिलिलिटर. त्याने पाण्याचे ग्लास नीट प्यायले तर दोन-तीन तासांत त्याला जावंच लागणार. आता कडी नसलेलं दार, ओली फरशी, वास, बाहेर उभी राहून हसणारी मोठी मुलं, आणि तासाच्या मध्ये विचारलं की "आत्ताच सुट्टीत काय करत होतास?" मूल यातून सरळ निष्कर्ष काढतं, पाणी प्यायचंच नाही म्हणजे जायला नको. मुलींच्या बाबतीत हे आणखी लवकर सुरू होतं. मग बद्धकोष्ठता, लघवीला जळजळ, पुन्हा पुन्हा होणारा संसर्ग. साठलेल्या मळाचा दाब मूत्राशयावर पडतो आणि रात्री अंथरूण ओलं होतं. ते झालं की घरचे संध्याकाळपासून पाणी तोडतात. सकाळी-दुपारी भरपूर आणि झोपण्यापूर्वीच्या तासा-दोन तासांत कमी, हे बरोबर. दिवसभर तहानलेलं ठेवणं बरोबर नाही, आणि अंथरुणावरून बोलणं तर मुळीच नाही.

मला वाटतं, ख्रिस्ती पालकांनी मुलांच्या पाण्याबद्दल प्रार्थना जरूर करावी, पण त्याआधी शाळेचं शौचालय एकदा आत जाऊन बघून यावं. कडी लागते का, पाणी येतं का, बाईंना विचारायला मुलाला भीती वाटते का. "मी तान्हेला होतो तेव्हा तुम्ही मला प्यायला दिलं" असं मत्तयाच्या २५ व्या अध्यायात आहे, ते कडी बसवून देणाऱ्यालाही लागू व्हावं असं मला मनापासून वाटतं.

शाळेला नावं ठेवताना चर्चकडेही बघायला हवं. उपासना चालू असताना पाणी पिऊ नये, बाहेर जाऊ नये, असा नियम कुठे लिहिलेला नसतो पण असतो. एका रविवारी ४२ वं स्तोत्र वाचलं जात होतं, हरिणी पाण्याच्या प्रवाहांसाठी लुलपते ते. पुढच्या बाकावरच्या एका चिमुरड्याने बाटलीचं झाकण उघडलं, टक् असा आवाज झाला, आणि शेजारच्या वडीलधाऱ्या बाईंनी डोळे वटारून ती बाटली काढून घेतली. पोर हिरमुसून बसलं. वर हरिणी लुलपतच होती. मला हसू आवरेना, मग वाईटही वाटलं. उपासनेत शांतता हवी हे खरं, पण दीड तास न पिता बसणं हे लहान मुलासाठी भक्तीचं माप नव्हे. त्यानंतर आमच्या वर्गात तरी टेबलावर जग आणि पेले असतात, आणि उठून प्यायला परवानगी लागत नाही. पहिले काही रविवार नुसता पाण्याचाच खेळ झाला. नंतर नवलाई संपली.

आजारपणात मात्र साधं पाणी पुरत नाही. जुलाब-उलट्यांत पाण्याबरोबर क्षारही जातात, म्हणून ओआरएस हवं, पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवलेलं, कमी नाही, जास्त नाही. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमचा-चमचा, दोन-तीन मिनिटांनी. सहा-आठ तास लघवी नाही, तोंड कोरडं, रडताना पाणी येत नाही, डोळे खोल, मूल सुस्त, यातलं काही दिसलं तर डॉक्टर. उलट मूल घटाघटा पाणी पितंय, रात्री उठून उठून लघवीला जातंय आणि बारीक होतंय, तर "किती छान पाणी पितो" म्हणून कौतुक करत बसू नका. मधुमेहाची तपासणी त्याच दिवशी करून घ्या.

शब्बाथ शाळेत पाण्याची गोष्ट म्हटली की मुलं हागारेची मागतात, अब्राहामापासून मूल झालेल्या दासीची. उत्पत्ती २१. अब्राहाम सकाळी उठून तिला भाकर आणि पाण्याची मसक देतो आणि मुलासह, इश्माएलासह, रवाना करतो. मसकेतलं पाणी संपतं. ती मुलाला एका झुडपाखाली टाकते, बाणाच्या टप्प्याएवढ्या अंतरावर जाऊन बसते, कारण त्याचं मरण तिला बघवणार नाही. देव मुलाची वाणी ऐकतो आणि तिचे डोळे उघडतो, तेव्हा तिला विहीर दिसते. ती मसक भरते आणि मुलाला पाजते. इथे एका मुलाने हात वर केला. "टीचर, अब्राहामाकडे उंट होते, गाढवं होती. मग एकच मसक का दिली?" मी म्हटलं, शास्त्र सांगत नाही. तो म्हणाला, "मला वाटतं, त्याने हिशेबच केला नाही." भाष्यकारांनी यावर पानंच्या पानं लिहिली असतील, मला हे पुरे आहे.

चित्रांच्या पुस्तकात त्या झुडपाखाली तान्हं बाळ असतं. वर्षं मोजली तर तसं नाही. इश्माएल जन्मला तेव्हा अब्राहाम ८६ वर्षांचा, त्याच्या बायकोचा, सारेचा, इसहाक जन्मला तेव्हा १०० चा, आणि ही गोष्ट इसहाकाचं दूध तोडल्यानंतरची. म्हणजे झुडपाखाली पडलेला तो मुलगा चौदा वर्षांहून मोठा होता. मिसरूड फुटायच्या वयाचा. या वयाच्या मुलांच्या पाण्याकडे आपण बघणंच सोडून देतो, कारण ती मोठी झाली, त्यांना कळतं. खरं तर चौदाच्या पुढे गरज मोठ्या माणसाएवढी होते, मुलग्यांना अडीच लिटर, मुलींना दोन, अन्न धरून. आणि नेमकी तेव्हाच पाण्याची जागा शीतपेयं घेतात. ३३० मिलिलिटरच्या एका कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरची साखर एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांखाली ठेवायला सांगितली, जमल्यास पाच. मोठ्या माणसाच्या दोन हजार कॅलरींच्या आहारात पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम. एका कॅनमध्ये ते ओलांडून झालं.

हे सगळं मी आमच्या मोठ्या मुलांच्या वर्गात सांगितलं. तिथे एक पोरगा आहे, वचनं शोधण्यात पटाईत. पुढच्या रविवारी तो शीतपेयाची बाटली घेऊनच आला आणि १ तीमथ्य ५:२३ उघडून माझ्यापुढे ठेवलं. तिथे पौल तीमथ्याला सांगतो, की यापुढे नुसतं पाणी पीत राहू नकोस. मी म्हटलं, पुढे वाच. पुढे पोटासाठी आणि वारंवार होणाऱ्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलंय. तुला पोटाचं दुखणं आहे का? तो म्हणाला, नाही. मग हे पत्र तुला नाही, तीमथ्य मोठा माणूस होता, मंडळी सांभाळत होता. तो गप्प बसला. मला वाटलं, मिटलं. तास संपता संपता त्याने पान उलटलं आणि त्याच पत्राच्या चौथ्या अध्यायातलं बारावं वचन सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं: कोणी तुझं तारुण्य तुच्छ मानू नये. मुलांनी बाकं वाजवली. आता येत्या रविवारपर्यंत तीमथ्याचं वय काय असावं ते मला शोधून ठेवावं लागणार आहे, कारण तो विचारल्याशिवाय राहणार नाही.